रिव्हेट मोजणाऱ्यांच्या बाजूने

१/
"खेळण्यातल्या मालगाडीवरचे रिव्हेट मोजत बसणे म्हणजे इतिहास नव्हे." एका चर्चासत्राच्या मध्यंतरात, चहाच्या टेबलापाशी हे वाक्य कानांवर पडले. सगळे हसले, मीही हसले. पुढे त्या विषयात थोडी खोल उतरले तेव्हा त्या हसण्याची लाज वाटू लागली. आजचा धागा त्या वाक्याच्या खंडनासाठी.

२/
प्रथम विषयाची ओळख. रेल्वेच्या लघुप्रतिकृती उभारण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे. तेथील राष्ट्रीय संघटना १९३५ साली मिलवॉकी येथे स्थापन झाली. सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’, म्हणजे मूळ वस्तूच्या सुमारे ८७व्या भागाएवढे. ४० फुटी वाघीण या प्रमाणात जेमतेम साडेपाच इंच भरते. (‘वॅगन’ची ‘वाघीण’ करणाऱ्या आपल्या भाषेचे ऋण मान्य करून पुढेही तोच शब्द वापरते.)

३/
या छंदात एक चिकित्सक पंथ आहे. आपला देखावा अमुक वर्षातला, अमुक ठिकाणचा आहे असे एकदा म्हटले, की त्या वर्षी तेथे धावू शकली असती अशीच वाघीण रुळांवर हवी, असा या मंडळींचा आग्रह. बाकीचे छंदिष्ट त्यांना ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात. हा किताब नाही, हेटाळणी आहे.

४/
माझे प्रतिपादन असे : मालगाडीची वाघीण हा तारीख असलेला दस्तऐवज आहे. तिचा प्रत्येक भाग कोणत्या तरी कायद्याने, अपघाताने किंवा पैशाच्या हिशेबाने तेथे आलेला असतो. तो चुकीच्या वर्षी दाखवणे म्हणजे शिवकालीन पत्रावर पेशवेकालीन शिक्का उमटवणे. पटत नसेल तर एकच वाघीण घेऊन टोकापासून छतापर्यंत पाहू.

५/
आधी कपलिंग. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन वाघिणी कडी आणि खिळ्याने जोडल्या जात. दोन वाघिणी एकमेकींकडे सरकत असताना ब्रेकमन त्यांच्या मध्ये उभा राही, एका हाताने कडी समोरच्या खोबणीत घाली आणि वरून खिळा सोडी. क्षणाचा उशीर झाला की बोटे जात, पाय घसरला की जीव जाई. या कामात दरवर्षी शेकडो माणसे मरत आणि हजारो जायबंदी होत.

६/
आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचे पेटंट इलाय जॅनी याने १८७३ साली घेतले. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक त्याआधीच, १८६९ मध्ये आला होता. साधने होती; खर्च करण्याची इच्छा नव्हती. आयोवाचे लोरेन्झो कॉफिन या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करत राहिले. अखेर २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी रेल्वे सुरक्षा-साधनांच्या कायद्यावर सही केली.

७/
कायद्याने १८९८ च्या आरंभापर्यंत मुदत दिली. ती वाढत १९०० पर्यंत गेली. म्हणजे कायदा कागदावर उतरला ते वर्ष आणि तो सर्व वाघिणींवर उतरला ते वर्ष यांत सात वर्षांचे अंतर. मग १८९५ चा देखावा उभारणाऱ्याने कोणते कपलिंग लावावे? त्या कंपनीच्या त्या मालिकेतील वाघिणींचा पुरावा शोधल्याखेरीज उत्तर मिळत नाही. ज्याने त्या सात वर्षांत बोटे गमावली त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटला नसता.

८/
आता छत. हवेचे ब्रेक सार्वत्रिक होण्यापूर्वी गाडी थांबवायची म्हणजे ब्रेकमनने धावत्या गाडीच्या छतांवरून एकेक वाघीण ओलांडत हातब्रेकची चाके फिरवायची. भर पावसात, बर्फात, रात्रीच्या अंधारात. त्याच्या पायांखाली असे ती छताच्या मधोमध बसवलेली अरुंद फळ्यांची वाट. शिडी कोठे, पकडायच्या दांड्या किती, पायरी किती उंचीवर, हे १९१० चा कायदा आणि १९११ चा आदेश यांनी ठरवून दिले. प्रतिकृतीवरची ती केसाएवढी तार म्हणजे ही दांडी.

९/
१९६६ पासून नव्या बंद वाघिणी या वाटेविना बनू लागल्या. जुन्या वाघिणींवरची वाट काढण्याचे काम मात्र पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. म्हणून १९७२ च्या देखाव्यात सर्व वाघिणींवर वाट दाखवणारा चुकतो आणि एकाही वाघिणीवर न दाखवणाराही चुकतो. ‘संक्रमणकाळ’ हा शब्द आपण उत्तरपत्रिकेत सढळ हाताने वापरतो. तो डोळ्यांना कसा दिसतो, हे मला या वाघिणींनी शिकवले. जुने आणि नवे एकाच गाडीत, एकामागोमाग एक जोडलेले.

१०/
वाघिणीच्या पोटाखाली पाहू. अमेरिकेत रेल्वे कंपन्या अनेक, पण रूळ एकमेकांना जोडलेले. एका कंपनीची वाघीण दुसरीच्या रुळांवरून हजारो मैल जाई. साहजिकच तिची यंत्रणा सर्वांना मान्य असणे भाग होते. कंपन्यांची मध्यवर्ती संघटना नियम ठरवी आणि त्या नियमांत न बसणारी वाघीण शेजारची कंपनी स्वीकारत नसे. या देवाणघेवाणीच्या नियमांमुळेच वाघिणींच्या तपशिलांना इतक्या नेमक्या तारखा मिळतात.

११/
१९३३ पासून नव्या वाघिणींना ‘एबी’ प्रकारचा ब्रेक आला. जुना ‘के’ प्रकारही पुढे दीर्घकाळ धावत राहिला. पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळून केलेल्या जुन्या ‘आर्च-बार’ बोगीचे बोल्ट सैल होत आणि पट्ट्या तुटत. १९४० च्या सुमारास अशा बोगीची वाघीण देवाणघेवाणीतून हद्दपार झाली. १९४८ च्या देखाव्यात ती परक्या कंपनीच्या वाघिणीखाली दिसली, तर तो दोष आहे. त्याच वर्षी कंपनीच्या स्वतःच्या दुरुस्ती-गाडीखाली ती दिसू शकते. नियम आणि त्याचा अपवाद दोन्ही ठाऊक असणे, यालाच आपण अभ्यास म्हणतो ना?

१२/
उंचीसुद्धा बोलते. १९३२ च्या प्रमाण आराखड्यात बंद वाघिणीची आतली उंची ९ फूट ४ इंच होती; १९३७ च्या आराखड्यात ती १० फूट झाली; पुढे १० फूट ६ इंच सर्रास झाली. शेवटच्या सहा इंचांचा फरक एचओ प्रमाणात पावणेदोन मिलिमीटर. डोळा तो टिपतो : खऱ्या मालगाडीच्या छतांची रेषा कधीच सरळ नसे. ती सरळ दाखवली, की वीस-तीस वर्षांची वाढ एका फटक्यात पुसली जाते.

१३/
आता या धाग्याचे खरे भांडण. बर्फाने थंड ठेवायच्या शीत-वाघिणींवर १९२०-३० च्या दशकांत मांस, लोणी, बिअर अशा मालाच्या रंगीबेरंगी जाहिराती रंगवल्या जात. वाघिणी भाड्याने देणाऱ्या कंपन्या ग्राहक ओढण्यासाठी ही फुकट जाहिरात देत. ही छुपी सवलतच होती. शिवाय एकाची जाहिरात मिरवणारी वाघीण दुसऱ्याचा माल वाहताना दिसे. अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ साली या प्रथेविरुद्ध निर्णय दिला आणि १९३७ पासून अशा वाघिणी देवाणघेवाणीतून बाद झाल्या.

१४/
आणि तरीही १९५० च्या दशकाचे म्हणवणारे असंख्य देखावे याच जाहिरातींनी नटलेले असतात. कारण उघड आहे. रंगीत वाघीण विकली जाते, मातकट लाल वाघीण दुकानात पडून राहते. उत्पादकाला साचा महाग पडतो, रंग स्वस्त पडतो. म्हणून एकाच साच्यावर वीस कंपन्यांची नावे छापली जातात, त्यांतल्या कित्येकांकडे तसली वाघीण कधी नव्हतीच. बाजाराला जे खपते तेच हळूहळू ‘तो काळ’ होऊन बसते. हे वाचताना आपल्याकडची काही ऐतिहासिक चित्रे आणि चित्रपट आठवले असतील, तर ते योग्यच आहे.

१५/
न्यायासाठी उलट उदाहरणही देते. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ मध्ये, अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतली आणि १ मार्च १९२० पर्यंत ती चालवली. त्या काळात प्रमाणित आराखड्यांच्या लाखभर वाघिणी मागवून कंपन्यांमध्ये वाटल्या गेल्या. येथे एक साचा आणि अनेक नावे हे खरे आहे. पण पुढील दोन दशकांत प्रत्येक कंपनीने त्या आपापल्या पद्धतीने दुरुस्त केल्या. काहींनी लाकडी बाजू काढून पोलादी बसवल्या. १९२० साली सख्ख्या बहिणी असलेल्या वाघिणी १९४० साली ओळखू येत नाहीत.

१६/
याहून मोठी चूक प्रमाणाची. छंदिष्टाच्या फडताळात प्रत्येक वाघीण वेगळी, दुर्मीळ आणि देखणी असते. वास्तव कंटाळवाणे होते. एकट्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या ‘एक्स २९’ या पोलादी बंद वाघिणींची संख्या १९२४ पासून दहा वर्षांत २९ हजारांच्या आसपास पोहोचली आणि त्या देशभर हिंडत. कॅलिफोर्नियातला देखावासुद्धा या मातकट वाघिणींवाचून खरा ठरत नाही.

१७/
प्रत्येक सुटी वस्तू अचूक असूनही एकूण चित्र खोटे असू शकते, हा धडा मला येथे मिळाला. सगळे अपवाद एका रांगेत उभे केले की सामान्य माणूस दिसेनासा होतो. आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात तलवारी, मुकुट आणि किल्ले यांची जी रांग लागते, तिच्यात बैलांचे तांडे, धान्याच्या गोणी आणि चाकांना तेल घालणारे हात किती वेळा दिसतात? दुर्मीळ वाघिणींची मालगाडी आपणही चालवतोच आहोत.

१८/
"पण हे सारे कळते कसे?" सांगते, कारण या पंथाची साधन-चिकित्सा आपल्या वर्गात शिकवावी अशी आहे. पहिले साधन म्हणजे उपकरण-नोंदवही : उत्तर अमेरिकेतील कंपन्यांच्या वाघिणी क्रमांक-मालिकेनुसार, मापांसह आणि वजनक्षमतेसह नोंदवणारे नियतकालिक प्रकाशन. मालवाहतुकीच्या कामासाठी छापलेले, इतिहासासाठी नव्हे, म्हणूनच विश्वासार्ह. एका मालिकेत एका वर्षी ५०० वाघिणी आणि पाच वर्षांनी ३१० असतील, तर उरलेल्यांचे काय झाले, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

१९/
दुसरे साधन कारखान्याचे छायाचित्र. नवी, स्वच्छ, उत्तम प्रकाशात उभी केलेली वाघीण. तपशिलांसाठी अमूल्य, पण ती त्या वाघिणीची बखर आहे : आश्रयदात्याला दाखवण्यासाठी काढलेली, पहिल्याच दिवशी थांबलेली. त्यानंतर तीस वर्षे काजळी, दुरुस्त्या, ठिगळे, बदललेले दरवाजे. दरबारी वर्णन वाचून दुष्काळ समजत नाही, तसे केवळ या छायाचित्रावरून १५ वर्षे वापरलेली वाघीण समजत नाही.

२०/
तिसरे, रंग. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू काळीभोर उमटे, निळी फिकट उमटे. केवळ छायाचित्र पाहून "ही वाघीण काळी होती" म्हणणारा फिल्मचा स्वभाव वाघिणीच्या माथी मारतो. साधनाला काय दिसू शकत नाही, हे आधी विचारावे. दप्तरखान्यातील कागदांनाही हाच प्रश्न लागू आहे.

२१/
म्हणून जॅक डेलानो यांची रंगीत छायाचित्रे मोलाची. युद्धकाळात, १९४२-४३ मध्ये, सरकारी कामावर असताना त्यांनी शिकागोच्या रेल्वे यार्डांत कोडाक्रोम फिल्म वापरली. ती आज अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयात आहेत. त्यांत दिसते ते असे : ‘वाघिणीचा लाल’ हा एक रंग नाहीच. विटकरी, तपकिरी, काजळलेला, उन्हाने उडालेला, अशा लाल रंगांची एक बिरादरी आहे. आणि वाघिणींच्या आसपास माणसे आहेत, थंडीने आखडलेली.

२२/
चौथे साधन मला सर्वांत आवडते. वाघिणीच्या बाजूवर तिचे रिकामे वजन रंगवलेले असते आणि शेजारी ते केव्हा केले त्याचा महिना व वर्ष. ठरावीक काळाने वाघीण पुन्हा तोलली जाई, तारीख बदले. आता एखादे बेतारखी छायाचित्र घ्या. भिंगाखाली वाघिणीवरची ती अक्षरे वाचा. ज्या महिन्याची नोंद दिसते त्याआधी ते छायाचित्र काढलेले असूच शकत नाही. रिव्हेट मोजणाऱ्याने येथे अभिलेखागाराची तारीख दुरुस्त केली.

२३/
आक्षेपांकडे वळू. पहिला : "हा छंद आहे, आनंद मिळाला की झाले." मान्य. लहान मुलाने इंजिनामागे हत्ती जोडला तरी माझी हरकत नाही. पण देखाव्यावर ‘शिकागो, १९४२’ अशी पाटी लावली, की तो दावा झाला. आणि दाव्याला पुरावा लागतो. कल्पनेला कल्पना म्हणावे, एवढीच मागणी आहे.

२४/
दुसरा : "हे यंत्रांचे वेड आहे, समाजाचा इतिहास नव्हे." शीत-वाघिणीचे छत पाहा. दोन्ही टोकांना झाकणे असतात, त्यांतून बर्फाच्या लाद्या आत टाकत. झाकण घट्ट बंद, तर आत बर्फावरचा माल; झाकण टेकून उघडे, तर वारा खेळवत नेलेला माल. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांनी १९०६ साली मिळून स्थापलेल्या पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या अशा वाघिणी कॅलिफोर्नियाची फळे आणि भाज्या पूर्वेच्या शहरांकडे नेत.

२५/
वाटेत ठिकठिकाणी उंच धक्क्यांवर माणसे उभी असत, लाद्या ओढत, फोडत, झाकणांतून ढकलत. न्यूयॉर्कच्या टेबलावरच्या हिवाळी लेट्यूसमागे हे श्रम होते. प्रतिकृतीवरचे झाकण उघडे ठेवावे की बंद, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शेती, ऋतू, बाजार आणि मजुरी या सगळ्यांतून जावे लागते. यात समाज नाही असे म्हणणाऱ्याने झाकणाखाली डोकावलेले नाही.

२६/
तिसरा : "पूर्ण अचूकता अशक्य आहे, मग अट्टहास कशाला?" पूर्ण सत्य कोणत्याच इतिहासात हाती लागत नाही. म्हणून आपण प्रयत्न सोडत नाही. अंदाजाला अंदाज म्हणून नोंदवतो. या पंथातले चांगले अभ्यासक नेमके हेच करतात : हा भाग छायाचित्रावरून, हा नोंदवहीवरून, हा भगिनी-मालिकेवरून केलेला तर्क. किती प्रबंधांत एवढी प्रामाणिक विभागणी आढळते?

२७/
या पंथाची बाजू घेते म्हणून त्याचे दोष झाकणार नाही. कित्येकांना बोल्ट दिसतो, तो आवळणारा हात दिसत नाही. पकडदांडी मिलिमीटरपर्यंत अचूक बसवायची, पण ती बसवायला कायदा का लागला हे विचारायचे नाही, ही अर्धी साधना आहे. मात्र ती पुरी करण्याची जबाबदारी आपली. पुरावा त्यांनी जमवला आहे. अर्थ लावण्याऐवजी आपण चहा पीत हसत होतो.

२८/
विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत होते, तेव्हा ज्याला लोक रद्दी समजत त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली; पहिला खंड १८९८ चा. कोणता कागद क्षुल्लक आहे हे आधी ठरवून संशोधन होत नाही, हा आपल्या परंपरेचाच धडा आहे. रद्दीच्या जागी वाघीण आली एवढ्याने आपण तो विसरावा काय?

२९/
आणि आपले अंगण? फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत आपण कंटाळून उभे असतो. पुढच्या वेळी वाघिणीवरचा अकरा आकडी क्रमांक वाचा. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पाचवा आणि सहावा बांधणीच्या वर्षाचे, नंतरचे चार त्या वाघिणीचे स्वतःचे, शेवटचा पडताळणीचा. ‘बॉक्सएन’, ‘बीसीएन’ यांतला शेवटचा ‘एन’ हवेच्या ब्रेकची खूण. निर्वात ब्रेक मागे पडून हवेचा ब्रेक आला, ते स्थित्यंतर त्या एका अक्षरात आहे. शेजारी मोठ्या दुरुस्तीचे ठिकाण आणि तारीखही रंगवलेली असते.

३०/
१८५३ च्या बोरीबंदर-ठाणे पहिल्या प्रवासी गाडीची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. त्या रुळांमागे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा हिशेब होता, हेही आपण परीक्षेत लिहितो. पण तो कापूस कशा वाघिणीतून गेला, ती कोणी भरली, तिला ब्रेक कोणी लावला, तिची उंची किती, छत कसे? हे विचारणारे ‘रिव्हेट मोजणारे’ आपल्याकडे फार थोडे आहेत. जे आहेत त्यांना हसू नका.

३१/
तात्पर्य एकच. तपशील म्हणजे इतिहासावरची नक्षी नव्हे. बहुतेक वेळा तो कोणाच्या तरी श्रमाची किंवा दुखापतीची उरलेली एकमेव खूण असतो. ‘जवळपास बरोबर’ म्हणून आपण तो पुसतो, तेव्हा ते माणूसही पुसले जाते. पुढच्या चर्चासत्रात ते वाक्य पुन्हा ऐकू आले, तर मी हसणार नाही. हातातला कप खाली ठेवून कडी-खिळ्यापासून सुरुवात करीन.

धागा समाप्त. मतभेद असल्यास जरूर मांडा. सोबत पुरावा असू द्या, आणि पुराव्यावर तारीख.